जड कातडे, हलके कातडे

मराठी भाषेने ‘जड’ आणि ‘हलके’ ह्या दोन शब्दांचा निकाल फार पूर्वीच लावून टाकला आहे. ज्याचा शब्द गावात चालतो तो माणूस ‘वजनदार’; जो कोणाचेही ऐकून आपले मत फिरवतो तो ‘हलक्या कानाचा’. लग्नात शालू घ्यायचा तो भारी, दागिना घ्यायचा तो भरघोस. आणि आमच्या शाळेतली मुले तर उत्तम ह्या एकाच अर्थी ‘भारी’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरतात. भाषेचाच कौल असा एका बाजूला पडलेला असल्यावर कातड्याच्या जाकिटाचा न्यायनिवाडा सरळपणे होणार तरी कसा? जाड आणि जड कातडे ते खरे, पातळ आणि हलके ते नुसते दिखाऊ, असे आपण दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ठरवून बसलेले असतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यातही (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) मोटारसायकलवरच्या तरुणांच्या अंगावर कातडी जाकिटे दिसू लागली आहेत. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडे फटफट्यांच्या रांगा निघतात, त्यांतही ती असतात. कोणाचे नवे, कोणाचे जुन्या विदेशी जाकिटाची हुबेहूब नक्कल म्हणून घेतलेले. आणि जिथे दोन जाकिटे एकत्र आली तिथे वाद आलाच. एक म्हणतो, “माझे बघ, जमिनीवर ठेवले तर आपले आपण उभे राहते!” दुसरा म्हणतो, “मग त्यालाच बसव गाडीवर!”

ह्या वादात मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका मास्तराने का पडावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, समीक्षा केवळ पुस्तकांचीच करावी असा काही दंडक नाही. वापराच्या वस्तूलाही हेतू असतो, घडण असते, शैली असते. ती वस्तू आपल्या हेतूशी कितपत प्रामाणिक आहे हे तपासता येते. शिवाय, हा वाद वरवर दिसतो तितका पोकळ नाही. त्याच्या एका टोकाला रस्त्यावर घसरणाऱ्या मुलाचे कोपर आहे आणि दुसऱ्या टोकाला, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावले त्या माणसांची प्रतिष्ठा आहे.

आधी परिभाषा नीट करून घेऊ. चामड्याच्या व्यापारात जाडी औंसांत सांगण्याची रीत आहे. एक चौरस फूट चामडे जितके औंस भरेल तितक्या औंसांचे ते चामडे. एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर जाडी. तेव्हा तीन औंसांचे चामडे म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचे. मोटारसायकलच्या जाकिटाला बहुधा इतके किंवा ह्याहून थोडे जाड चामडे वापरतात. नुसत्या मिरवण्याच्या जाकिटाला ०.७ ते ०.९ मिलिमीटरचे. हातात घेतल्यावर हा अर्धा मिलिमीटर चांगलाच जाणवतो. जाड घोड्याच्या कातड्याचे जाकीट अडीच-तीन किलो भरते, मेंढीच्या मऊ कातड्याचे त्याच्या निम्म्यावर येते.

पण इथेच पहिली फसगत होते. जाडी हे एक माप आहे. बळ हे दुसरे. कातड्याचे बळ असते त्याच्या आतल्या तंतूंच्या विणीत. म्हशीचे किंवा गाईबैलाचे कातडे मुळात चार-पाच मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड असते. त्याचे जाकीट शिवायचे तर ते यंत्रावर आडवे चिरून पातळ करावे लागते. चिरताना वरचा थर राहतो आणि खालचा, घट्ट विणीचा बराच भाग निघून जातो. उलट शेळीचे कातडे मूळचेच मिलिमीटरभर. त्याला फारसे चिरावे लागत नाही, म्हणून त्याची सारी वीण शाबूत राहते. त्यामुळे गाईचे कातडे चिरून चिरून शेळीच्या कातड्याइतके पातळ केले, तर त्या दोहोंत शेळीचेच चिवट निघते. मेंढीचे कातडे स्पर्शाला लोण्यासारखे. पण लोकरीच्या मेंढीच्या कातड्यात वरचा थर आणि खालचा थर ह्यांच्यामध्ये चरबीचा आणि लोकरीच्या मुळांचा पोकळ पदर असतो. ओढाताण झाली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात. म्हणजे ‘हलके’ ह्या एकाच नावाखाली शेळी आणि मेंढी ह्या दोन अगदी वेगळ्या प्रकृती आपण कोंबून बसवल्या आहेत.

आमच्या जिल्ह्याच्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. संगमनेरी शेळी ही इथलीच जात. नगर, नाशिक, पुणे ह्या पट्ट्यात ती दूध-मटणासाठी पाळतात आणि तिच्या कातड्यालाही मोल आहे. तबला जवळून पाहिलेल्या कोणालाही विचारा. पुडीला शेळीचे पातळ कातडे लागते, कारण बोटाच्या टोकाचा स्पर्श त्याने ओळखला पाहिजे. आणि ती पुडी ताणून धरणारी वादी जाड कातड्याची लागते, कारण ओढ तिने सोसली पाहिजे. पुडीला वादीचे कातडे लावले तर नाद मरेल, वादीला पुडीचे लावले तर ती तुटेल. दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कोणा तबलजीने विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता जड पक्षाची बाजू ऐकू; कारण ती काही अगदीच बिनबुडाची नाही. एकाच जनावराचे, एकाच पद्धतीने कमावलेले चामडे घेतले, तर जाड तुकडा डांबरावर घासून फाटायला अधिक वेळ घेतो. गाडीवरून पडलेला माणूस काही क्षण रस्त्यावर घसरत जातो, आणि त्या काही क्षणांतच त्याच्या त्वचेचे भवितव्य ठरते. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायांत घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ अशी कृतज्ञता आपण तोंडाने व्यक्त करतो; इथे दुसऱ्या जिवाच्या कातड्याने आपले कातडे प्रत्यक्षच वाचते. शिवाय जाड चामडे दुरुस्त करता येते, तेल पाजून वीस-वीस वर्षे वापरता येते, आणि अंगाच्या वळणाप्रमाणे त्याला पडणाऱ्या सुरकुत्या म्हणजे त्या माणसाचे हस्ताक्षरच. हा आनंद खरा आहे. तो मी नाकारणार नाही.

माझा आक्षेप आहे तो ह्या आनंदाला इतिहासाचा खोटा दाखला जोडण्यावर. जुनी जाकिटे जाडजूड होती, म्हणून जाड ते अस्सल, असे हा पक्ष म्हणतो. वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेच्या हवाईदलाने १९३१ साली ‘ए-दोन’ हे वैमानिकांचे जाकीट मुक्रर केले. ते बहुतेक घोड्याच्या कातड्याचे, काही शेळीच्याही कातड्याचे असे. मोटारी आणि ट्रॅक्टर आल्यामुळे तिकडे लक्षावधी घोडे निरुपयोगी झाले होते आणि त्यांचे कातडे मुबलक मिळत होते. घोड्याचे कातडे जाकिटाला लागले त्यामागे शौर्याइतकाच हा साधा हिशेब होता. त्या मूळ जाकिटांचे कातडे आज त्यांची नक्कल म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक जाकिटांपेक्षा पातळ असते. अरुंद जागेत बसून हात चालवायचे असलेल्या वैमानिकाला चिलखत नको होते. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी तर शेळीचे कातडे पसंत केले. आणि १९४३ साली खुद्द हवाईदलानेच ए-दोन बंद करून कापडी जाकिटे घेतली. जडाच्या अस्सलपणाचे हे दैवत स्वतःच हलक्याच्या वाटेने गेले!

मोटारसायकलच्या जाकिटाची कथा अशीच उद्बोधक आहे. १९२८ साली न्यू यॉर्कच्या अर्व्हिंग शॉट ह्यांनी ‘परफेक्टो’ नावाचे जाकीट काढले. हे नाव त्यांच्या आवडत्या सिगारचे. त्याची साखळी मध्यभागी नसून तिरकी आहे. पुढे वाकून बसणाऱ्या स्वाराच्या पोटात ती टोचू नये आणि छातीवर पदरावर पदर येऊन वारा आत शिरू नये, म्हणून. म्हणजे जी तिरकी रेघ आज केवळ ऐटीची वाटते ती मुळात सोयीची रेघ होती. पुढे १९५३ साली ‘द वाइल्ड वन’ ह्या चित्रपटात मार्लन ब्रँडो तशा जाकिटात पडद्यावर आला आणि जाकिटाचा अर्थच बदलला. वारा अडवणारी वस्तू बंडखोरीचा गणवेश झाली. साहित्यात असे नेहमी होते. एखाद्या लेखकाने गरजेपोटी वापरलेली वळणे त्याच्या अनुयायांच्या हाती अलंकार होऊन बसतात, आणि अनुयायी ती मूळ लेखकापेक्षा दुप्पट जाड करून लिहितात. आजची काही ‘अस्सल जुनी’ जाकिटे मला अशा अनुयायांच्या गद्यासारखी वाटतात. वजन आहे, पण त्या वजनाला काम नाही.

नगरच्या वाचकाला घोड्याकडून यंत्राकडे झालेला हा प्रवास पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आमच्याच शहराजवळ आहे, आणि १९९४ पासून तिथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ हे नाव त्याने जपले आहे, आत मात्र पोलादी रणगाडे उभे आहेत. चिलखत जाड केले की गाडी सुरक्षित होते, पण मंदही होते. वजन आणि हालचाल ह्यांचा तोल साधणे हाच रणगाडा बांधणाऱ्यांचा कायमचा पेच. जे पोलादाला चुकले नाही ते कातड्याला कसे चुकेल?

आता रस्त्यावर येऊ. ज्या गाडीने आमच्याकडच्या सामान्य कुटुंबाला पायडलवरून इंजिनावर नेले ती म्हणजे १९७२ साली आलेली कायनेटिक इंजिनीअरिंगची लूना. त्या कंपनीचे नगरशी नाते जुने. लूनावर बसायला कोणी कातडी जाकीट घातले नाही, आणि त्या वेगाला त्याची फारशी गरजही नव्हती. आज त्याच घरातला नातू त्याच्या दुपटी-तिपटीच्या वेगाने पुण्याच्या, मनमाडच्या रस्त्याने जातो. आमचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पौषात पहाटे हात बधिर होतात. अशा हवेत तीन किलोंचे जाकीट डिसेंबरात स्वर्ग आणि मे महिन्यात शिक्षा. मग काय होते? उन्हाळा आला की ते खुंटीवर जाते. आणि खुंटीवरचे जाकीट, मग ते घोड्याचे असो की गेंड्याचे, कोणाचेही कोपर वाचवत नाही. उन्हाने ग्लानी आलेला स्वार हा तर आणखी वेगळाच धोका. पावसात भिजलेले जाड चामडे किती जड होते आणि किती दिवस वाळत नाही, हे अकोल्याच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको.

माझा एक जुना विद्यार्थी मागे एकदा घाटातल्या वळणावर पडला. सुदैवाने हाडाला काही झाले नाही. त्याचे जाकीट त्याने मला आणून दाखवले. चांगले जाड, हातात घेतल्यावर वजन भरणारे. चामड्याला नुसते ओरखडे होते. पण कोपराची शिवण बोटभर उसवली होती आणि त्याच फटीतून रस्ता आत शिरला होता. “सर, कातडं टिकलं, दोरा गेला,” तो म्हणाला. मी त्याला एवढेच म्हटले, “बाळ, निबंधातही असंच होतं. शब्द भक्कम असतात, वाक्य उसवतं.” विनोद सोडला तरी मुद्दा राहतोच. युरोपात मोटारस्वारांच्या कपड्यांसाठी ‘ईएन १७०९२’ नावाचे मानक आहे; त्यात कपड्याला ए, दुहेरी ए, तिहेरी ए अशा श्रेणी देतात. ती श्रेणी नुसत्या जाडीवर मिळत नाही. घासण्याला कपडा किती टिकतो, किती फाटतो, शिवणीची ताकद किती, हे सारे पाहतात; आणि खांद्या-कोपरांच्या गाद्यांची परीक्षा वेगळी होते. म्हणजे परीक्षकाने जाकिटाला विचारलेला प्रश्न ‘तुझे वजन किती?’ हा नसून ‘तू पडल्यावर काय करतोस?’ हा आहे. असाच प्रश्न आपणही विचारावा.

ह्या जड-हलक्याच्या वादाची एक बाजू मात्र दुकानात दिसत नाही, आणि मला तीच अधिक अस्वस्थ करते. आपल्या गावगाड्यातले सर्वांत जड कातडे कोणते? जाकिटाचे नव्हे, मोटेचे. इंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवरचा ऊसमळा, भाजीचा वाफा ह्या कातडी मोटेवर जगत होता. मोटेच्या पोटात पाण्याचा भार, वर नाड्याची ओढ, आणि सोंड मात्र अशी मऊ की दर खेपेला दुमडावी आणि थारोळ्यावर येताच मोकळी व्हावी. एकाच वस्तूत जडपणा आणि लवचीकपणा कसा नांदवावा, ह्याचा तो वस्तुपाठ होता. तो पाठ ज्यांनी रचला ते कोण? मेलेले जनावर ओढून नेणारे महार, कातडे कमावणारे ढोर, मोट आणि वहाणा शिवणारे चांभार. त्रिं. ना. आत्रे ह्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारांचा हिशेब मांडला, आणि आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार ह्यांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहून तो हिशेब दुसऱ्या बाजूने, म्हणजे भार वाहणाऱ्याच्या खांद्यावरून, वाचून दाखवला.

इथे आपली भाषा पुन्हा आडवी येते. गावाला पाणी पाजणारे कातडे जड होते, पण ते घडवणाऱ्यांच्या कामाला आपण ‘हलके काम’ म्हटले. माळावर माजणाऱ्या तरवडाची साल, बाभळीची साल, हिरडा ह्यांच्या पाण्यात कातडे किती दिवस ठेवावे, कधी उलटावे, कधी काढावे, हे ज्ञान रसायनशास्त्राच्या पुस्तकाइतके बारीक होते. पण ते दुर्गंधीत राहत होते, म्हणून आपण नाकाला पदर लावला आणि ज्ञानाकडेही पाठ फिरवली. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी क्रोमने कातडे कमावण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्याला ‘उद्योग’ म्हणून मान मिळाला. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, ते ह्याच मानभंगावर उतारा म्हणून. आज दुकानात चार लाख रुपयांच्या गाडीवर बसणारा तरुण ‘झाडाच्या सालीत कमावलेले चामडे’ हे शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारतो आणि त्यासाठी जादा पैसे मोजतो. हे कौतुक वाईट नाही. ते फार उशिरा आणि चुकीच्या पत्त्यावर पोहोचले, एवढेच.

कोल्हापुरी वहाणेचे ताजे उदाहरण आहे. २०१९ साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या ह्या वहाणेला भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच वहाणा आणल्या, आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख कंपनीने केला तो आरडाओरड झाल्यावर. त्या वेळी घराघरांतून संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण ज्या कारागिराच्या नावाने आपण संतापलो त्याच्याकडून वहाण घेताना आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो की नाही, हा प्रश्न मिलानला नव्हे, आपल्याला आहे.

तेव्हा निवाडा काय? माझ्या मते जड आणि हलके ही कातड्याची गुणनामे नव्हेत, ती नुसती वर्णने आहेत. गुण कामावरून ठरतो. ज्याला खरोखर लांबच्या रस्त्याने गाडी चालवायची आहे त्याने गाईम्हशीचे सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे किंवा शेळीचे मिलिमीटरभर जाडीचे चांगले चामडे घ्यावे. खांद्या-कोपरांत गाद्या असाव्यात, आणि अंगाला ते असे बसावे की पडताना बाही वर सरकू नये. उन्हाळ्यासाठी गाद्या असलेले जाळीचे जाकीट घेतले तर त्यात कमीपणा मानू नये. ज्याला केवळ थंडीत फिरायला जायचे आहे त्याने मेंढीचे मऊ जाकीट खुशाल घालावे. त्याने स्वाराचे सोंग आणले नाही म्हणजे झाले. आणि ज्याला जुन्या काळाची आवड आहे त्याने जुन्या वस्तूशी इमान राखावे, तिच्या अतिशयोक्तीशी नव्हे.

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या आईबापांना शेवटी दोन शब्द. मुलगा जाकीट मागेल तेव्हा ते तराजूत घालून पाहू नका. ते उलटे करा. आतली बाजू, कापलेली कड पाहा. तिथे तंतू दिसले तर चामडे, कापडावर चढवलेला लेप दिसला तर ते रेक्झीनचे भाऊबंद. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. दुकानदाराला विचारा, हे कोणत्या जनावराचे आणि कुठे कमावलेले. त्याला उत्तर देता आले तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि जाकिटाच्या आधी शिरस्त्राण घ्या. ते कायद्यानेच सक्तीचे आहे, आणि जड-हलक्याचा वाद घालायला डोके शाबूत असावे लागते.